वाकड्या विहिरीचे आठ आकडे

आमच्या घरी तुरीची डाळ कधी शिजली नाही. शिजायला रोज ठेवली जायची, चुलीवर दुपारभर रटरटायचीही, पण ताटात यायची तेव्हा पिवळ्या पाण्याच्या तळाशी दाणे सुटेसुटे बसलेले असायचे, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे. दोष डाळीचा नव्हता आणि मायच्या हाताचाही नव्हता. संग्रामपूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची, तिच्या पायथ्याशी गोडं पाणी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमच्या हापशाला येणारं पाणी असं की साबणाला फेस नाही, आणि चहात दूध घातलं की ते फाटायचं. पाहुणा आला की माय ओशाळून म्हणायची, "काळाच घ्या, आमच्याकडं दूध टिकत नाई." रोडगे मात्र ती असे करायची की गोवऱ्यांच्या आरावरून काढताना वासानं अर्धी वस्ती ओट्यावर यायची. पण रोडग्यांबरोबर वरण लागतं, आणि वरण म्हणजे डाळ. बाबा रोडगा कुस्करून त्यावर ते पिवळं पाणी ओतायचे आणि न चुकता म्हणायचे, "एक दिवस डाय शिजंन." दुसरे लोक स्वातंत्र्याबद्दल बोलतात त्या सुरात.

गावाच्या उत्तरेला, पायथ्याच्या वाटेवर, गोड्या पाण्याची एकच विहीर होती. तिला सगळे वाकडी विहीर म्हणायचे. का म्हणायचे ते कुणी विचारत नव्हतं. काही नावं विचार करायला नसतातच, हाक मारायला असतात. तिथून डोक्यावर आणलेली एक कळशी पिण्यापुरती पुरायची, डाळीच्या नशिबी यायची नाही. मी अकरावीला गेले त्या वर्षी या विहिरीवरून गावाला नळयोजना होणार अशी बातमी आली. आमचे सरपंच उत्साही गृहस्थ. मंजुरी यायच्या आत त्यांनी उद्‌घाटनाची संगमरवरी पाटी सांगून ठेवली. बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते, त्यामुळे पाटीवर काय कोरायचं याची चर्चा आमच्या घरी जेवताना व्हायची. सरपंचांचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं, एवढं नक्की झालं होतं. पाण्याचं अजून काही नक्की नव्हतं.

मी तेव्हा नांदुऱ्याला मावशीकडे राहून शिकत होते. मावशीचं घर रुळांपासून इतकं जवळ की मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि मावशी बोलणं अर्ध्यावर थांबवून, गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायची. कॉलेजात आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायला तायडे सर होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. त्यांनी एक दिवस फळ्यावर एकाखाली एक तीन आकडे लिहिले: ५, ५.० आणि ५.००. विचारलं, "यांच्यात फरक काय?"

"काही नाही सर," सगळा वर्ग एका सुरात.

"गणिताच्या सरांना विचाराल तर काही नाही. मला विचाराल तर ही तीन वेगळी माणसं आहेत." त्यांनी पहिल्या आकड्यावर खडू ठेवला. "या गड्यानं टेबलाकडं लांबून पाह्यलं आन्‌ म्हटलं, पाच फूट असंन. हा दुसरा उठला, पट्टी लावली, इंचाच्या आसपास मोजलं. आन्‌ हा तिसरा गुडघ्यावर बसला, डोळा पट्टीच्या बरोबर वर आणला, तीनदा मोजलं. ते शेवटचं शून्य तुम्हाला रिकामं दिसते. त्यानं ते कमावलं आहे. शून्य फुकट भेटत नसते, पोट्टेहो."

तो तास मला अजून आठवतो. शाळेत इतकी वर्षं मी आकड्यांना घाबरत आले होते, कारण ते कुणाचेच नसायचे. पुस्तकात असायचे, बरोबर किंवा चूक. आणि इथे हा माणूस सांगत होता की प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी उभं असतं, आणि त्यानं किती मेहनत केली ते आकड्याकडे पाहून कळतं! आपल्याला जेवढं खरोखर ठाऊक आहे तेवढेच अंक लिहायचे, त्यांना सार्थ अंक म्हणायचं. शेवटचा अंक थोडा डळमळीत असतो, त्याच्या पुढचे सगळे थापा. आणि दोन मोजमापांचा गुणाकार केला तर? सरांनी फळ्याला पाठ टेकवली. "उत्तराची ऐपत सगळ्यात गरीब मोजमापाएवढी. त्याच्याजवळ दोनच अंक असतील तर उत्तरालाही दोनच. बाकी श्रीमंती यंत्राची, आपली नाही." त्याच तासाला त्यांनी आम्हाला स्क्रू गेजनं तारेची जाडी मोजायला दिली आणि बजावलं की एकदा उभी मोजा, एकदा आडवी, तार गोल आहे असं तारेनं तुम्हाला सांगितलेलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस मी झपाटल्यासारखी होते. मावशीनं बाजारातून आलेल्या काकांना उशीर का झाला विचारलं आणि ते म्हणाले, "पाच मिन्टं तं झाले," की मी मध्येच, "काका, पाच की पाच पॉइंट शून्य?" मावशी म्हणाली, "या पोट्टीले उन्ह लागलं." स्टेशनवर गाडी अमुक वाजून सदतीस मिनिटांनी येईल असं लिहिलेलं असायचं आणि ती तासभर उशिरा यायची, त्या सदतीसकडे पाहून मला एकटीला हसू यायचं. ते हसू अजून गेलेलं नाही. परवाच एका बिल्डरचं चकचकीत पत्रक घरात आलं, त्यात फ्लॅटचं क्षेत्रफळ ‘७१८.३४६ चौरस फूट’. भिंतीवरचा रंग खरवडला तर शेवटचे दोन आकडे बदलतील. सून म्हणाली, "आई, किती अचूक आहेत ना हे लोक!" मी चष्मा पुसत बसले.

तर अशा अवस्थेत मी एका शनिवारी एस.टी.नं गावी आले, आणि घरात शिरल्याबरोबर काहीतरी बिघडलंय हे कळलं. चूल पेटलेली होती, पण माय ओट्यावर बसून होती. विहिरीची परीक्षा झाली होती. इंजीन लावून पाणी उपसलं, आणि पुढच्या एका दिवसात किती पाणी परत चढतं ते मुकादमानं मोजून नेलं होतं. उद्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून अभियंता साहेब येऊन हिशेब सांगणार होते. "सगळ्या गावाले दिवसाले पन्नास हजार लिटर पायजे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "कमी भरलं तं सरपंच म्हणते, वरच्या गावापुरती मंजुरी घेऊ. खालची वस्ती पुढच्या टप्प्यात."

खालची वस्ती म्हणजे आम्ही. बुद्धविहाराच्या भोवतालची घरं, उताराच्या टोकाला. पुढचा टप्पा म्हणजे काय हे आमच्या वस्तीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रस्त्याचा पुढचा टप्पा माझ्या जन्माआधीपासून यायचा होता.

रविवारी सकाळी विहिरीवर अर्धं गाव जमलं. साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, पुण्याकडचे, बोलायला मऊ. त्यांच्या हातात एक छोटं काळं यंत्र होतं. कॅल्क्युलेटर आमच्या गावानं तोवर पाहिलेला नव्हता. मुकादमाचा कागद समोर ठेवून त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली आणि गर्दी इतकी शांत झाली की इंजिनाच्या पाइपातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मुकादम आमच्याकडच्या पद्धतीनं मोजायचा: अंबाडीचा दोर, आणि दोराला हाताहातावर गाठी. विहिरीची रुंदी बारा हात. पाणी चढलं साडेचार हात. हाताचे फूट, फुटाचे मीटर, मग वर्तुळाचं क्षेत्रफळ. त्या सूत्रातल्या पायची (π) किंमत तर यंत्राच्या पोटातच होती. शेवटचं बटण दाबलं आणि साहेबांनी वाचलं, "अठ्ठेचाळीस हजार सहाशे अडतीस पूर्णांक आठ सात आठ."

"पॉइंट आठ सात आठ!" सरपंच भारावून म्हणाले. आपण नापास झालो हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "पाह्यलं का बे? मशीन थेंब-थेंब मोजते!"

"म्हणजे तेराशे एकसष्ट लिटर कमी," साहेब कागदावर लिहीत म्हणाले. "वाईट वाटतं, पण नियम आहे. मग कमी लोकसंख्येचा प्रस्ताव—"

"खालची वस्ती पुढच्या टप्प्यात," सरपंचांनी वाक्य पुरं केलं. चेहरा दुःखी करण्याची त्यांनी तसदी घेतली, एवढं मान्य केलं पाहिजे.

माय बायकांच्या घोळक्यात होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही, काही नाही; नुसती खाली ठेवलेली रिकामी कळशी उचलून कमरेवर घेतली. जायची वेळ झाली, एवढंच. ते पाहून मला राहवलं नाही.

"साहेब, तो आकडा खोटा आहे."

बाबांच्या हातात चहाची किटली होती, ती कपाला लागून वाजली. "शीले, गप," ते पुटपुटले. शिपायाची पोरगी, सरपंचांसमोर.

साहेब रागावले नाहीत. हसले. "यंत्र चुकत नाही, ताई."

"यंत्र नाही चुकलं. पण साडेचार हात म्हणजे दोनच अंक आहेत. सव्वाचारला साडेचार म्हटलं असेल, पावणेपाचलाही म्हटलं असेल, दोराला मधे गाठच नाही. दोन अंक आत टाकले तर आठ अंक बाहेर कसे येतील? उत्तर फार तर एकोणपन्नास हजार, आणि त्यातला नऊसुद्धा डळमळीत. पन्नासला ते कमी आहे असं आपल्याला माहीतच नाही!"

"कोण्या इंजिनेराची पोरगी हाय वं तू?" सरपंचांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. किटली हातात धरून ते समोरच उभं होतं. दोन-चार जण हसले.

साहेबांनी पेन बंद केलं. आता ते माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते, आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "छान. म्हणजे एकोणपन्नासचे पन्नास करू? तुमच्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून?"

घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "करा की साहेब!" मलाही क्षणभर तेच म्हणायचं होतं. पण तायडे सरांचा तो तिसरा माणूस डोळ्यांपुढे आला, गुडघ्यावर बसलेला.

"नाही साहेब. पन्नास आहे हेही आपल्याला माहीत नाही. पुन्हा मोजा. चांगलं मोजा. मग जे येईल ते येईल."

"आन्‌ कमी आलं तं?" हा आवाज मायचा होता. सगळ्या गर्दीत तो एकच प्रश्न मला खरा वाटला, कारण कमी आलं तर आता संशयालाही जागा उरणार नव्हती, आणि वस्तीला ते मी माझ्या तोंडानं आणलेलं असणार होतं.

"कमी आलं तं खरंच कमी हाय, माय," मी म्हटलं.

साहेब जीपकडे वळून ड्रायव्हरला म्हणाले, "पोलादी टेप काढ." टेप जीपमध्येच होता! बाहेर यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, कारण मोजायला मुकादम आणि हिशेबाला साहेब अशी कामाची वाटणी पडलेली होती, आणि दोघांच्या मधे कागदाखेरीज कुणी जात नव्हतं. इंजीन पुन्हा धडधडू लागलं. पाणी उपसून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला चढ बघायचा असं ठरलं. तोवर रुंदी मोजायची. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं गेलं, मी रहाटाच्या चाकाच्या बाजूला वाकून ते दगडाला टेकवलं, साहेब समोरच्या काठावर. पाच मीटर बेचाळीस. म्हणजे दोरापेक्षाही थोडं कमीच.

"झालं समाधान?" सरपंच म्हणाले.

उत्तर आणखी खाली जाणार होतं. आणि तेवढ्यात मला ती तार आठवली. "साहेब, आता आडवं."

"म्हणजे?"

"आत्ता चाकाकडून समोर मोजलं. आता बाभळीकडून धुण्याच्या दगडाकडं. विहीर गोल आहे असं विहिरीनं आपल्याला सांगितलेलं नाही."

त्या बाजूनं कुणी मोजायचं नाही, कारण बाभळीचे काटे लागायचे. मुकादमही चाकाकडूनच दोर टाकायचा, त्याच्या बापानंही तसाच टाकला असणार. बाबांनी किटली खाली ठेवली, धोतराचा सोगा हाताला गुंडाळला आणि बाभळीची फांदी दाबून धरली. साहेब तिच्याखालून वाकत गेले. त्यांनी टेप ताणला, पाहिला, सोडला, पुन्हा ताणला. "पाच त्र्याण्णव," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच, "पाच त्र्याण्णव?" अर्ध्या मीटरचा फरक! बाबा, फांदी तशीच धरून, अगदी साधेपणानं म्हणाले, "साहेब, इचं नावच वाकडी इहीर हाय."

आधी साहेब हसले, मग मुकादम, मग सगळं गाव असं हसलं की बाभळीवरचे बगळे उडाले. पिढ्यान्‌पिढ्या तिला वाकडी म्हणत आलो आणि हिशेबाच्या वेळी वर्तुळाचं सूत्र लावलं, पायचे इतके आकडे घालून! मीसुद्धा. मी तर तिला जन्मापासून त्याच नावानं ओळखत होते.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. चढ मोजायची वेळ झाली तेव्हा टेप साहेबांनीच सोडला. दोन मीटर चार सेंटिमीटर. दोरापेक्षा कमी. साहेबांनी यंत्रात दोन्ही बाजूंच्या रुंद्या आणि चढ असा एकेक आकडा घातला, शेवटचं बटण दाबलं, आणि यंत्र माझ्यापुढे धरलं. ५१४९६.०६३. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी अंगठ्यानं मागचे आकडे झाकले. "आपली मोजमापं तीन अंकांची. एक्कावन्न हजार पाचशे लिहू? त्यातला पाच थोडा हलला तरी पन्नासच्या वरच राहतो. बरोबर, ताई?"

"बरोबर," मी म्हटलं. मग मी विहिरीच्या काठावरून वस्तीपर्यंत पळत गेले. सोळा वर्षांची पोरगी, वेणी सुटलेली, उतारावरून ओरडत, "तीन अंक! तीन अंक!" वस्तीला वाटलं, मला परीक्षेत मार्क पडले.

उद्‌घाटनाला मोठे पाहुणे आले, हार आले, हारांमागून भाषणं आली. पाटीवरचा पडदा दूर झाला. सरपंचांच्या नावाखाली कोरलं होतं: ‘क्षमता दररोज ५१४९६.०६३ लिटर’. त्या सोमवारी गर्दीत सरपंचांनी माझ्या खांद्यावरून यंत्र वाचून घेतलं होतं. पाहुण्यांनी तो आकडा भाषणात सबंध उच्चारला, शेवटच्या तीनपर्यंत, आणि टाळ्या पडल्या. मंचाच्या कडेला साहेब उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हवेत हळूच अंगठा टेकवून काहीतरी झाकलं. पाटी अजून आहे. गावी गेले की मी ती वाचते, आणि माझा अंगठा आपोआप वर येतो.

त्या संध्याकाळी आमच्या दारातल्या नळाचं पहिलं पाणी मायनं थेट डाळीच्या भांड्यात घेतलं. आम्ही चुलीभोवती बसलो होतो, बाबा सगळ्यात पुढे. थोड्याच वेळात भांड्यातला आवाज बदलला. रोजच्या रटरटीऐवजी जाड, मंद, खदखद. मायनं पळीनं एक दाणा काढला, दोन बोटांत धरला, आणि तो होताच कुठे, नुसता पिवळा लेप उरला. बाबांनी रोडगा कुस्करला, वरण ओतलं, पहिला घास घेतला, आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"काऊन?" मायनं घाबरून विचारलं.

"अळणी हाय."

मायनं चाखलं. मग आम्ही सगळ्यांनी. जन्मभर अर्धं मीठ पाण्यातून यायचं, उरलेलं तिच्या चिमटीतून; आणि चिमूट आजही तेवढीच पडली होती. माय मिठाची बरणी हातात घेऊन बसून राहिली. वीस वर्षं रांधणारी ती बाई, तिला पहिल्यांदाच आपल्या हाताचा भरवसा वाटेना. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू एवढी मोजणारी. सांग बरं, किती टाकू?"

मी भांड्यात पाहिलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते.

"मले काय माहीत, माय," मी म्हटलं. "थोडं टाक आन्‌ चाखून पाह्य."